कचऱ्याला मालक असतो

ग्वाल्हेर म्हटले की आपल्याला प्रथम आठवते ती तेथील गायकी. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी ती इकडे आणली, म्हणून ते शहर आपल्याला कधी परके वाटले नाही. त्या शहराच्या लष्कर भागातून स्वर्णरेखा नदी वाहते. 1858 च्या जूनमध्ये झाशीची राणी याच परिसरात धारातीर्थी पडली. तिचा घोडा स्वर्णरेखेच्या नाल्यापाशी अडला, असे लोक सांगतात. नदीचे नाव सोन्याच्या रेषेचे, पण तिच्या पात्रात आज सांडपाणी आणि कचरा! तिच्या पुनरुज्जीवनासाठी उच्च न्यायालयाच्या ग्वाल्हेर खंडपीठाकडे दाद मागण्याची वेळ नागरिकांवर आली.

नदीत कचरा येतो कोठून? त्याला काही पाय नसतात. घरातील पिशवी कोणी पुलावरून भिरकावतो, तो बेशिस्तपणा झाला. पण रात्री ट्रॉली भरून राडारोडा ओढ्याच्या काठी रिकामा करणे हा हिशेबी व्यवहार आहे. वाहतुकीचा खर्च आणि विल्हेवाटीचे शुल्क वाचवून कोणीतरी नफा खिशात घालतो आणि तोटा गावाच्या माथी मारतो. बेशिस्तीला समज पुरेशी असेल. या व्यवहाराला कायद्याचा धाकच हवा.

तो धाक कोणी घालायचा? राज्यघटनेच्या 74 व्या दुरुस्तीने घनकचरा हा नगरपालिकांकडे सोपवता येणारा विषय ठरवला. पोलीस मात्र राज्य सरकारचे. महापालिकेच्या मुकादमाला कचरा दिसतो, पण धावती गाडी अडवण्याचा अधिकार त्याला नाही. पोलीस गाडी अडवू शकतो, पण कचरा हे आपले काम आहे असे त्याला वाटत नाही. दोन घरचा पाहुणा उपाशी, अशी ही गत आहे.

या उपेक्षेची किंमत केवळ दुर्गंधीत मोजून चालणार नाही. नोव्हेंबर 2014 मध्ये उल्हासनगरात वालधुनी नदीत रसायने सोडली गेली आणि शेकडो रहिवाशांना श्वास घेणे कठीण झाले. सुरतजवळच्या सचिन औद्योगिक वसाहतीत 6 जानेवारी 2022 रोजी एका टँकरमधून नाल्यात रसायन ओतले गेले; वायूने सहा कामगारांचा बळी घेतला. तेथे पोलीस आले, पण माणसे मेल्यावर आले. ट्रॉली असो वा टँकर, ती रिकामी होण्यापूर्वी कोणी विचारणारा असावा, एवढीच आपली मागणी आहे.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागत नाही. बांधकामाचा परवाना देतानाच महापालिकेने राडारोडा कोठे जाणार हे लिहून घ्यावे. दिवसाला 20 टनांहून अधिक राडारोडा काढणाऱ्याने तशी योजना आधी सादर करावी, असे 2016 च्या नियमांनीच सांगितले होते. प्रत्येक खेपेला गाडीचा क्रमांक आणि मालकाचे नाव असलेली पावती असावी. रात्रीच्या नाक्यावरील पोलिसाने एवढेच विचारावे, "पावती दाखवा." पावती नसेल तर गाडी थांबवावी आणि महापालिकेला कळवावे. मात्र पहिली नोटीस ज्याच्या इमारतीचा तो ढिगारा आहे त्याला जावी. पोटासाठी ट्रॉली हाकणाऱ्याला दोन दंडुके मारून प्रश्न सुटत नाही. इंग्लंडमध्ये 1990 च्या कायद्याने कचरा टाकणाऱ्याबरोबरच तो बेपर्वाईने दुसऱ्याच्या हवाली करणाऱ्यालाही जबाबदार धरले, ते याच न्यायाने.

कोणी म्हणेल, पोलीस मध्ये आले की एका हप्त्याचे दोन हप्ते होतील. ही शंका खोटी नव्हे. म्हणूनच किती गाड्या अडवल्या, कोणाला दंड झाला, किती वसूल झाला, याचा तक्ता दरमहा प्रत्येक प्रभागात लावला पाहिजे. उजेडात हप्ता घेणे अवघड जाते.

दुसरी शंका अधिक रास्त आहे. राडारोडा टाकायला जवळपास जागाच नसेल, तर लोकांनी करावे काय? येथे महापालिकेलाही जाब विचारला पाहिजे. मध्य प्रदेशातीलच रतलामचे उदाहरण घ्या. तेथील उघड्या गटारांना विटलेल्या रहिवाशांनी दंडाधिकाऱ्यांकडे तक्रार केली. पैसे नाहीत, ही नगरपालिकेची सबब 1980 मध्ये न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी सर्वोच्च न्यायालयात फेटाळून लावली. फौजदारी प्रक्रियेच्या ज्या 133 व्या कलमाने हे घडले, ते 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 152 वे झाले आहे. आकडा बदलला, नागरिकाच्या हातातील शस्त्र तेच राहिले. तेव्हा आधी प्रभागाप्रभागात जागा द्या, मग दंड करा.

विद्यार्थी मित्रहो, गांधीजयंतीला हातात झाडू घेऊन छायाचित्र काढणे सोपे आहे. राष्ट्रीय सेवा योजनेच्या तुकडीने त्याऐवजी एक साधी वही ठेवावी. गावातील कोणत्या ओढ्याकाठी, कोणत्या दिवशी, किती ढीग पडले याची नोंद करावी. रात्री गाडी अडवायला मात्र कोणी जाऊ नये. ते काम पोलिसांचे. महिन्याच्या शेवटी त्या वहीची एक प्रत महापालिकेत द्यावी, दुसरी पोलीस ठाण्यात, आणि दोन्हीकडून पोच घ्यावी. दोघांच्या टेबलांवर एकच कागद पडला, म्हणजे "हे आमच्याकडे येत नाही" असे म्हणायला कोणालाच जागा उरणार नाही. प्राध्यापकांनीही आपल्या महाविद्यालयाच्या नव्या इमारतीचा राडारोडा कोठे गेला, हा प्रश्न संस्थाचालकांना एकदा विचारावा. कचऱ्याचा मालक शोधायचा, तर आरंभ आपल्याच फाटकापासून झालेला बरा.