विलंबाच्या व्याजावर कर

जायकवाडीच्या धरणाची कोनशिला 18 ऑक्टोबर 1965 रोजी लालबहादूर शास्त्रींनी बसविली. त्याचा डावा कालवा परभणी जिल्ह्यात आला. पुढे सेलू तालुक्यात दुधनेवरही धरण झाले. पाणी आले, हे चांगलेच झाले. परंतु ज्यांच्या जमिनी त्यापायी गेल्या त्यांना वाजवी किमतीसाठी न्यायालयाची पायरी चढावी लागली, आणि ती चढता चढता माणसे म्हातारी होतात.

1894 च्या भूसंपादन कायद्याच्या 28 व्या कलमान्वये न्यायालयाने वाढविलेल्या रकमेवर ताबा घेतल्यापासून पहिल्या वर्षी शेकडा 9 आणि पुढे शेकडा 15 व्याज देता येते. दहा वर्षे निकाल रखडला तर 20 लाखांवर 28 लाख 80 हजार व्याज होते. मुद्दलाहून व्याज मोठे! हे सावकारी उत्पन्न नव्हे; सरकारने अडकवून ठेवलेल्या किमतीचाच हा भाग आहे. घनश्याम खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही 2009 साली हेच म्हटले. मात्र त्याच वर्षीच्या वित्त कायद्याने हे व्याज ज्या वर्षी हाती पडेल त्या वर्षाचे उत्पन्न ठरविले. त्यातून निम्मी वजावट दिली, हे खरे. तरीही वरील उदाहरणात 14 लाख 40 हजार रुपये एकाच वर्षाची कमाई म्हणून मोजले जातात. दहा वर्षांची प्रतीक्षा आणि करआकारणी एका वर्षाची, हा हिशेब आम्हांस उमगत नाही.

याहून विपरीत गोष्ट पुढेच आहे. व्यापाऱ्यावर त्याच्या धंद्यातील व्यवहाराबद्दल हुकूमनामा झाला, तर त्यावर भरलेले व्याज तो साधारणतः धंद्याचा खर्च म्हणून वजा करू शकतो. आमची त्यास हरकत नाही. पण जमीन गेल्यावर मुलीचे लग्न, दवाखाना, वकिलाची फी यांसाठी शेतकऱ्याने काढलेल्या कर्जाचे व्याज मात्र वजा होत नाही; कारण निम्म्या वजावटीखेरीज दुसरी वजावट या व्याजातून मिळणार नाही, असे कायदाच बजावतो. चूक सरकारी अधिकाऱ्याच्या मूल्यमापनाची, विलंब सरकारी अपिलांचा, आणि भुर्दंड शेतकऱ्याला!

हे व्याज मोबदल्याचाच भाग मानून, शेतजमिनीच्या मोबदल्यास जी करमाफी आहे तीच त्यास लागू करावी. तेवढे औदार्य नसेल तर निदान ते ज्या ज्या वर्षांचे आहे त्या त्या वर्षांवर विभागण्याची मुभा द्यावी आणि प्रत्यक्ष भरलेले व्याज वजा करू द्यावे. मराठवाड्याच्या खासदारांनी हा प्रश्न येत्या अर्थसंकल्पापूर्वी वित्तमंत्र्यांपुढे मांडावा, अशी आमची त्यांना आग्रहाची विनंती आहे.