कॅरिबियनचा शिंपला मुंबईत, पण हाकलायचा कसा?

भांडुप पंपिंग स्टेशनला फ्लेमिंगो बघायला जाता, ती ठाणे खाडी पुढे मुंबई बंदराला मिळते. याच बंदरात १९७०च्या दशकात कॅरिबियन भागातला मायटिलॉप्सिस सलेई हा छोटा शिंपला सापडला. भारतातली पहिली नोंद विशाखापट्टणमची, १९६७ची. जहाजांच्या तळाला चिकटून तो पसरतो.

एकदाच आलेल्या मूठभर शिंपल्यांची पिलावळ असेल तर जनुकीय विविधता सहसा कमी दिसते. जहाजं पुन्हा पुन्हा आणत असतील तर जास्त. म्हणून डीएनए तपासायचा. नुसत्या कवचावरून तर प्रजात ओळखतानाही तज्ज्ञांची गफलत होते!

१९९९मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विनने दरवाजे बंद करता येणाऱ्या मरीनांमध्ये क्लोरीन आणि मोरचूद ओतून तो संपवला. ठाणे खाडीला दरवाजा नाही. तिथे विष ओतलं तर कोळ्यांची मासळी आणि फ्लेमिंगोंचं खाद्यही मरेल.