कोपऱ्यात उभा केलेला पाय

अपघातात पाय गमावलेल्या माणसाला कृत्रिम पाय बसवला, तो डॉक्टरांसमोर चार पावले चालला, की शास्त्राचे काम संपले असे आपण समजतो. जयपूरच्या सवाई मानसिंह रुग्णालयातले हाडांचे डॉक्टर प्रमोद करण सेठी यांना मात्र १९६०च्या दशकात एक गोष्ट खटकत होती. पाय बसवून घेतलेली माणसे थोड्याच दिवसांत पुन्हा कुबड्यांवर दिसत. पाय कुठे आहे? घरी, कोपऱ्यात उभा!

दोष रोग्यांचा नव्हता. तो पाय खुर्चीवर बसणाऱ्या आणि सदैव बूट घालणाऱ्या पाश्चात्त्य माणसासाठी बनलेला होता. त्याचा घोटा वळत नसे. त्यामुळे मांडी घालून जेवता येत नसे, उकिडवे बसता येत नसे. मग शौचाला जायचे कसे? शिवाय बुटाशिवाय तो वापरणे कठीण, आणि बूट घालून ना शेतातल्या चिखलात उतरता येते, ना देवळात जाता येते. रोग्याला अडाणी ठरवून मोकळे होणे सोपे होते. सेठींनी चूक पायात शोधली.

त्यांना साथ मिळाली मास्टरजी रामचंद्र शर्मा या कारागिराची. शाळा फारशी झालेली नाही, पण हातात कला होती. सायकल पंक्चर झाली असताना टायरला नवे रबर चढवताना पाहून त्यांना पायाची युक्ती सुचली, असे सांगतात. १९६८ साली जो पाय तयार झाला त्यात आत लाकूड आणि स्पंजासारखे रबर, वरून टायरच्या जातीचे टिकाऊ रबर होते. सगळे साच्यात घालून तापवून एकजीव केलेले. दिसायला खऱ्या पावलासारखा, बोटांसकट. तो घालून अनवाणी चालता येते, उकिडवे बसता येते, झाडावरही चढता येते.

सेठींनी त्याचे पेटंट घेतले नाही. १९८१ साली त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला, तो एकट्यांना. मास्टरजींचे नाव आजही किती जणांना ठाऊक आहे? डिग्री नसलेल्या हाताला श्रेय देताना आपला समाज नेहमीच हात आखडता घेतो.

शोध चांगला असला तरी पहिल्या सात वर्षांत तो शंभर जणांपर्यंतही पोहोचला नाही. १९७५ साली देवेंद्र राज मेहता यांनी भगवान महावीर विकलांग सहायता समिती स्थापन केली. पुढे सेबीचे अध्यक्ष झालेले मेहता ते हेच. भीषण अपघातात त्यांचा स्वतःचा पाय जाता जाता वाचला होता. समितीने पाय फुकट द्यायला सुरुवात केली आणि लाखो लोक चालू लागले. मुंबईची नर्तिका सुधा चंद्रन याच पायावर पुन्हा नाचली. १९८६चा ‘नाचे मयूरी’ अनेकांना आठवत असेल.

हा पाय अफगाणिस्तान, कंबोडियातही गेला. तिथे पाय तोडले ते भूसुरुंगांनी, आणि सुरुंगही शास्त्र शिकलेल्या माणसांनीच बनवलेले. १९९७च्या सुरुंगबंदी करारावर भारताची सही नाही. २०२५ साली तर युरोपातल्या काही देशांनीच त्यातून बाहेर पडण्याचे पाऊल उचलले. म्हणजे पाय लागतच राहणार.

आता जयपूर फूटलाही तोच जुना प्रश्न विचारायला हवा. काही देशांतल्या रोग्यांना पुन्हा भेटून केलेल्या पाहण्या २००४ साली प्रसिद्ध झाल्या. पाय नीट न बसणे, जोडणीतले दोष अशा बऱ्याच तक्रारी त्यांत आढळल्या. यामुळे समितीचे काम लहान ठरत नाही. पण एका दिवसात पाय देऊन पाठवलेला माणूस वर्षभराने चालतो आहे का, हे पाहायला कुणी त्याच्या गावी जायला नको का?

तुमच्या घरी किंवा शेजारी असा कोपऱ्यातला पाय असेल तर चौकशी करा. कापलेला भाग कालांतराने बारीक होतो, खोबणी सैल पडते, टोचू लागते. माणूस संकोचाने बोलत नाही आणि कुबडी उचलतो. बऱ्याचदा खोबणी नवी करून घेतली की तोच माणूस पुन्हा चालू लागतो.