अभिमान आणि अध्ययन

चाळीसगावजवळील पाटण येथील १२०७ च्या शिलालेखात भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने स्थापिलेल्या मठाची नोंद आहे. उद्देश : आजोबांच्या ग्रंथांचे अध्यापन. १९१६ मध्ये अमळनेरला श्रीमंत प्रतापशेठांनी तत्त्वज्ञान मंदिर उभारले. धुळ्यात शंकर श्रीकृष्ण देवांनी जमविलेली रामदासी हस्तलिखिते समर्थ वाग्देवता मंदिरात जपली गेली. विज्ञान, तत्त्वचिंतन आणि धर्म अशी ही खानदेशची ग्रंथत्रिवेणी! परंतु भास्कराचार्यांचा जयघोष करणाऱ्यांपैकी किती जणांनी 'लीलावती'तील एक तरी गणित सोडविले असेल? न वाचलेल्या ग्रंथाचा अभिमान पोकळच. चांगदेव केवळ आजोबांची थोरवी सांगून थांबला नाही. त्याने शिकविण्याची सोय केली. घरोघरी आठवड्यातील एक संध्याकाळ ग्रंथवाचनास मिळावी. पूर्वजांचे खरे स्मरण तेच.