थंडीतली लुंबिनी : ठिकाणे कमी, सवड जास्त



दिवाळी आटोपली की जाम, समुद्रपूर, हिंगणघाटकडच्या घरांतून लुंबिनीला जाण्याचे बेत निघू लागतात. आईची, सासूची इच्छा असते की, पाय चालतात तोवर तथागतांचे जन्मस्थान पाहून घ्यावे. पण मजुरी करणाऱ्या कुटुंबाला सात दिवसांची सुटी म्हणजे सात दिवसांची बुडालेली कमाई. म्हणून हा बेत नीट विचार करूनच आखला पाहिजे.

पहिली गोष्ट थंडीची. आपल्या विदर्भातली थंडी कोरडी. पहाटे कुडकुडलो तरी दहा वाजता ऊन अंगावर येते. लुंबिनी नेपाळच्या तराईत, सपाट मुलखात आहे. तेथे बर्फ पडत नाही, पण डिसेंबरच्या उत्तरार्धापासून जानेवारीअखेरपर्यंत दाट धुके असते. कधी कधी दिवसच्या दिवस सूर्य दिसत नाही. धुक्यामुळे उत्तरेकडच्या रेल्वेगाड्या कित्येक तास उशिरा धावतात. त्यामुळे शक्य असेल तर नोव्हेंबरअखेर किंवा फेब्रुवारीचा मध्य निवडावा. नोव्हेंबरात कापूस वेचणीची मजुरी सोडवत नसेल, तर फेब्रुवारी बरा. मात्र घरात दहावी-बारावीचे मूल असेल तर परीक्षेच्या तारखा आधी पाहाव्यात.

दुसरी गोष्ट ठिकाणांची. सात दिवसांत लुंबिनी, कुशीनगर, श्रावस्ती, सारनाथ, बोधगया असे सगळे उरकायचे म्हटले, तर म्हाताऱ्या माणसांना खिडकीतला रस्ताच दिसतो. बाबासाहेब नोव्हेंबर १९५६ मध्ये जागतिक बौद्ध परिषदेसाठी काठमांडूला गेले होते, म्हणून तेही पाहावे असे वाटणे साहजिक आहे. पण लुंबिनीहून काठमांडू म्हणजे डोंगरी रस्त्याने सबंध दिवसाचा प्रवास. या खेपेला लुंबिनी आणि कुशीनगर ही दोनच ठिकाणे धरावीत.

पहिला दिवस नागपूरला गाडीत बसण्याचा. गोरखपूरच्या थेट गाड्या ठराविक वारीच असतात. १ नोव्हेंबर २०२४ पासून आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच सुरू होते, हे ध्यानात ठेवावे. दुसऱ्या दिवशी गोरखपूरला मुक्काम. रात्री पुढे निघू नये. तिसऱ्या दिवशी धुके विरल्यावर सुमारे शंभर किलोमीटरवरील सोनौली सीमा ओलांडून भैरहवा, आणि तेथून २२ किलोमीटरवर लुंबिनी. चौथा दिवस पूर्ण लुंबिनीत. पाचव्या दिवशी परत गोरखपूर आणि तेथून ५० किलोमीटरवर कुशीनगर. तेथे महापरिनिर्वाण मुद्रेतील सहा मीटर लांबीची प्राचीन बुद्धमूर्ती आहे. सहावा दिवस धुक्यासाठी राखीव. त्या दिवशी काही अडले नाही तर आजीला विश्रांती मिळेल. सातव्या दिवशी परतीची गाडी. घरी पोचायला आठवा दिवस उजाडेल, तेवढी रजा मागून ठेवावी.

नेपाळला व्हिसा लागत नाही. पण मोठ्या माणसांनी पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र न्यावे, केवळ आधारवर विसंबू नये. शंभराच्या नोटा जवळ ठेवाव्यात. तेथे आपल्या १०० रुपयांना १६० नेपाळी रुपये असा दर असतो.

कपड्यांत एका जाड स्वेटरपेक्षा दोन-तीन पातळ थर बरे. कानटोपी, शाल आणि जाड मोज्यांचे दोन जोड घ्यावेत, कारण मायादेवी मंदिराच्या आवारात चप्पल-बूट काढावे लागतात आणि फरशी गारठलेली असते. मुक्कामाची जागा ठरवताना माणशी रजई मिळते का, हे आधी विचारावे. बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटवून कधीही झोपू नये, त्या धुराने जीव जातो. रक्तदाबाच्या, दम्याच्या गोळ्या दोन दिवस जास्तीच्या घ्याव्यात. पहाटेच्या दर्शनाचा हट्ट धरू नये. दहानंतर निघावे.

लुंबिनीतला सबंध दिवस कशासाठी, असे कोणी विचारील. तेथे सम्राट अशोकाचा शिलास्तंभ आहे. १८९६ मध्ये तो उजेडात आला. राज्याभिषेकानंतर वीस वर्षांनी आपण स्वतः येथे आलो आणि बुद्ध येथे जन्मले म्हणून या गावाचा कर माफ केला, पिकातला वाटा आठव्या हिश्श्यावर आणला, असे त्यावर कोरले आहे. मोठ्या राजाने तीर्थाला येऊन तिथल्या कष्टकऱ्यांचा भार हलका केला, ही गोष्ट मुलांना त्या स्तंभासमोर उभे करून सांगावी. त्याला घाई चालत नाही.

आईला पुष्करिणीच्या काठी उन्हात तासभर निवांत बसता येईल, असा बेत करा. राहिलेली ठिकाणे पुढच्या खेपेला पाहता येतील.