निकाल पाहावा कीं शाळा पाहावी?

दहावीचा निकाल लागला कीं आमच्या किनाऱ्यावरील गांवांत आठ दिवस एकच बोलणें चालतें. अमक्या हायस्कुलाचा निकाल शंभर टक्के, तमक्याचा ब्याण्णव. एस्. टी. स्टँडवर मुलांच्या फोटोंचे फलक लागतात, आणि ज्या शाळेचा फलक मोठा ती शाळा थोर असें ठरून जातें. मग आमच्यासारख्या खेड्यांतल्या मास्तराकडे आईबाप येतात आणि विचारतात, "गुरुजी, पोराला कुठं घालावं? नवोदयचा क्लास लावूं काय?" विचारणारा कधीं खारजमिनींत भात करणारा असतो, कधीं होडीवर जाणारा, कधीं पेणेच्या कारखान्यांत गणपतीच्या डोळ्यांची आखणी करणारा. त्यांस उत्तर देणें आमचें काम आहे, व तें आज सर्वांदेखत देतों.

प्रथम नवोदयाविषयीं. 1986 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणांत दर जिल्ह्यास एक जवाहर नवोदय विद्यालय काढण्याचें ठरलें. देशांतील अगदीं पहिल्या दोहोंपैकीं एक आपल्या अमरावतीस निघालें. रायगड जिल्ह्याचें विद्यालय माणगांव तालुक्यांत निजामपुरास आहे. सहावीपासून बारावीपर्यंत राहणें, जेवण, कपडे, पुस्तकें हीं सरकारचीं. नववीपासून कांहीं मुलांकडून थोडी मासिक रक्कम घेतात, तेवढीच काय ती. निदान शेंकडा 75 जागा खेड्यांतील मुलांस, व एक तृतीयांश मुलींस. गरिबाच्या लेंकरास असें दार उघडणें ही मोठी गोष्ट आहे, आणि त्या शाळेविरुद्ध आमचा एक शब्दही नाहीं.

परंतु हिशेब मांडून पाहा. सहावीच्या जागा 80. जिल्ह्याचे तालुके 15. सारखी वांटणी केली तरी एका तालुक्याच्या वांट्यास पांच-सहा मुलें येतात. दहा-अकरा वर्षांच्या पोरानें दोन तास बसून 80 प्रश्न सोडवावयाचे. त्यांतले 40 आकृत्यांचे व बुद्धिचांचणीचे. त्या दोन तासांवर पुढील सात वर्षें ठरतात. सातारच्या सैनिक स्कूलची गोष्ट निराळी नाहीं. 1961 सालीं निघालेली देशांतील ही पहिली सैनिक शाळा. तिचीं मुलेंही परीक्षेनें निवडलेलीं, आणि फी वेगळी. या शाळांचा निकाल उत्तम लागतो यांत नवल काय? शंभर घमेलीं भातांतून एक घमेलें टपोरें बीं निवडलें, त्यास भाजलेला राब दिला, शेणखत दिलें, राखण ठेविली, तर आवण हिरवेंगार येणारच! तें खाचराचें कसब कीं निवडीचें, हें शेतकऱ्यास कोणीं सांगावयास नको.

आतां एक आंकडा ध्यानांत घ्या. 2024 सालीं दहावीच्या परीक्षेंत देशभरच्या नवोदय विद्यालयांचा निकाल शेंकडा 99.09 लागला. त्याच सालीं राज्य मंडळाच्या दहावींत कोकण विभागाचा निकाल शेंकडा 99.01 लागला. या विभागांत रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे दोन जिल्हे येतात. आपला रायगड कोकणांत असूनही परीक्षेच्या हिशेबीं मुंबई विभागांत आहे. त्या विभागाचा निकाल 95.83. रत्नागिरी-सिंधुदुर्गाच्या त्या मुलांस कोणीं निवडलें होतें? कोणीही नाहीं. वाडीवस्तीवरून येईल तें पोर वर्गांत बसलें. मंडळें वेगळीं, प्रश्नपत्रिका वेगळ्या, म्हणून हे दोन आंकडे एकाच तराजूंत घालतां येत नाहींत हें आम्ही जाणतों. तथापि निवडलेल्यांचे नव्याण्णव आणि न निवडलेल्यांचे नव्याण्णव यांमागची मेहनत एक नव्हे, इतकें तरी आमच्या बांधवांनीं ओळखावें.

पण म्हणून कोकण विभागाच्या शाळांचीही आरती ओवाळावी असें आमचें म्हणणें नाहीं. टक्क्यांत एक खोट आहे. तो परीक्षेस बसलेल्यांचाच हिशेब सांगतो. जें पोर बसलेंच नाहीं, त्याचें काय?

आमच्या वर्गांत कोळीवाड्यांतील एक मुलगी होती. आईबरोबर बाजारांत बसून मासळीच्या वाट्यांचा हिशेब ती तोंडीं करी, आणि आम्ही फळ्यावर करण्याच्या आंत सांगे. नवोदयाच्या परीक्षेंत तिचें नांव लागलें नाहीं. तसल्या आकृत्या तिनें कधीं पाहिल्या नव्हत्या, आणि क्लासाचे पैसे घरांत नव्हते. पुढें ती दूरच्या हायस्कुलांत जाऊं लागली. सकाळची गाडी कधीं येई, कधीं न येई. संध्याकाळीं परततांना अंधार पडे. नववींत तिचें जाणें बंद झालें. ज्या सालीं ती दहावीस बसावयाची, त्या सालीं त्या हायस्कुलाचा निकाल शंभर टक्के लागला व फलक झळकला. ती त्या शंभरांत नव्हती, आणि नापासांतही नव्हती. ती कोठेंच नव्हती. आम्ही तिचे मास्तर असून तिच्याकरितां एक एस्. टी. वेळेवर आणूं शकलों नाहीं, ही लाज आमचीही आहे.

हा वाद आजचा नाहीं. 1882 सालीं हंटर कमिशनापुढें जोतीराव फुले यांनीं हेंच गाऱ्हाणें मांडलें, कीं सरकारचा पैसा रयतेच्या घामाचा, पण तो खर्च होतो वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर, आणि खेड्यांतलें पोर कोरडें राहतें. 1917 सालीं शाहू महाराजांनीं करवीर राज्यांत प्राथमिक शिक्षण सक्तीचें व मोफत केलें. कर्मवीर भाऊरावांनीं 1924 सालीं साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांचें वसतिगृह चालविलें, तें हुशार पोरें वेंचण्याकरितां नव्हे, तर दूरच्या पोरास राहावयास जागा व दोन घांस मिळावेत म्हणून. विलायतेंतही 1944 च्या कायद्यानंतर अकराव्या वर्षीं परीक्षा घेऊन मुलें वेगवेगळ्या शाळांत वांटीत. वीस वर्षांत लोकांस दिसून आलें कीं मागें राहिलेलीं मुलें बहुतेक मजुरांचींच. आणि 1965 पासून तेथील सरकारनें सर्वांची एकच शाळा करण्याचें धोरण धरिलें.

तेव्हां आईबापांनो, शाळा पारखावयाची तर फलक पाहूं नका. हेडमास्तरांस जाऊन विचारा: आठवींत किती मुलें आलीं, आणि त्यांतलीं दहावीस किती बसलीं? गळलेलीं कोणाच्या घरचीं? गणित, विज्ञान व इंग्रजी यांस शिक्षक आहे, कीं जागा रिकामी आहे, आणि केव्हांपासून? प्रयोगशाळेचें कुलूप महिन्यांतून किती वेळां निघतें? मुली कशा येतात, कशा जातात? हें विचारण्यास भिऊं नका. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानें सरकारी व अनुदानित शाळांत व्यवस्थापन समिती नेमली असून तिचे तीन चतुर्थांश सभासद पालक असतात, व निम्म्या स्त्रिया. तो कायदा आठवीपर्यंतचा आहे. पण तेथें विचारण्याची संवय लागली तर पुढेंही तोंड उघडेल. आज बहुतेक गांवीं ही समिती सही करण्यापुरती जमते. सही करण्याआधीं एक प्रश्न विचारला तरी पुष्कळ झालें.

आणि नवोदयचा क्लास लावावा कीं नाहीं? पोरास हौस असेल तर परीक्षेस जरूर बसवा. अभ्यास आम्ही शाळा सुटल्यावर फुकट घेऊं, आणि प्रत्येक मास्तरानें घ्यावा. परंतु होडीचें जाळें गहाण टाकून क्लासाची फी भरूं नका. आणि नांव लागलें नाहीं तर पोर नालायक असें मुळींच म्हणूं नका.

सरकारास आमचें सांगणें थोडकें आहे. निजामपुरास जें केलें, म्हणजे राहावयास जागा, पोटभर जेवण, दर विषयास शिक्षक व पुस्तकें, तें करतां येतें हें सरकारनेंच दाखवून दिलें आहे. मग तेंच श्रीवर्धनास, मुरुडास, म्हसळ्यास, दर तालुक्याच्या एका तरी हायस्कुलास कां नसावें, आणि तेंही परीक्षा न घेतां? 2023 सालीं वीसांहून कमी पटाच्या शाळा एकत्र करून समूहशाळा काढण्याचा विचार सरकारनें पुढें आणला होता. खाडीपलीकडच्या वाडीची शाळा मोडून पोरास दूर धाडण्यापूर्वी त्याच्या गाडीची व वसतिगृहाची सोय प्रथम दाखवावी, मग बोलावें. ऐंशी मुलें निवडलीं याचा अभिमान सरकारनें खुशाल बाळगावा. पण हजेरीपटावरून नाहींशा झालेल्या मुलांचा जाब त्यास द्यावाच लागेल. आणि तो जाब मागणें आमचें व तुमचें काम आहे.