ही गोष्ट फक्त अमेरिकेची?

ललिता टॅडेमी यांची 'केन रिव्हर' (२००१) ही लुइझियानातल्या गुलाम बायकांच्या चार पिढ्यांची कादंबरी. लेखिकेच्या स्वतःच्याच पणजी-खापरपणजींची. नशिराबादला मी ती सांगितली. एक मित्र म्हणाला, "गोऱ्यांची पापं! इस्लामने हजरत बिलाल यांना अजानचा मान दिला." दुसरा म्हणाला, "आपल्याकडे असलं नव्हतंच."

दोघेही सोयीचं बोलले. पेशवाईत कुणबिणी विकल्या जात. सुलतान-नवाबांच्या घरांत लौंडी-बांदी होत्याच. विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कारभारी झाला, याचा आपल्याला अभिमान. विकल्या गेलेल्या एका तरी बाईचं नाव सांगता येईल?

१८४३च्या कायद्याने गुलामीची मान्यता काढली. आपलं मौन तसंच आहे. हजरत बिलाल यांचं नाव घेता ना? मग या बायांचंही दुःख आपलं म्हणा.